बाबांना जूनमध्ये सरेतलं हीथ दाखवायचंय: कुठे, केव्हा, कसं?

अबोली_व

नमस्कार. इंग्लंडमधल्या सरे परगण्यात, वोकिंगला राहायला येऊन आम्हाला दोन वर्षं होतील. जूनमध्ये आई-बाबा साताऱ्याहून पाच आठवड्यांसाठी येताहेत. लंडनचा राजवाडा, घड्याळ, नदी हे सगळं मागच्या खेपेला झालं. या वेळी तिकिटं काढल्यावर बाबांनी फोनवर पहिलं विचारलं ते असं: "तुमच्या घराजवळ रान कुठलं? तिथे काय उगवतं?" बाबांनी चौतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. कासला गर्दी व्हायच्या आधीपासून ते दर भाद्रपदात पठारावर जातात. वही, भिंग आणि पाण्याची बाटली, एवढंच सामान.

घराजवळ रान म्हणाल तर चॉबम कॉमन, म्हणजे हीथ: बुटक्या झुडपांचा वालुकामय माळ. तिथे मी जानेवारीत एकदाच गेले आणि खरं सांगते, मन खट्टू झालं. सगळीकडे तपकिरी काटक्या, राखाडी वाळू, मधूनच एखादा पाइन. फाटकावरच्या पाटीवर संरक्षित क्षेत्र असं लिहिलेलं, आणि पलीकडे दहा-बारा माणसं चांगली उभी बर्चची आणि पाइनची झाडं कापून ढीग पेटवत होती. माझ्या सात वर्षांच्या मुलाने विचारलं, "आई, हे झाडं का मारताहेत?" मला उत्तर देता आलं नाही. त्याच पाटीवर सापाचंही चित्र होतं, ते आईला अजून सांगितलेलं नाही.

जूनमध्ये तिथे बाबांना दाखवण्यासारखं काय असेल? आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे फार चालणं नको. आणि झाडं का कापतात, हे कुणाला ठाऊक असेल तर सांगा. बाबा तोच प्रश्न विचारणार हे मला माहीत आहे.

केदार_रेडिंग

आम्ही मागच्या जुलैत गेलो होतो. सावली अजिबात नाही, टोप्या घेऊन जा. फोटोत दिसतो तसा हेदरच्या झुडपांचा जांभळा गालिचा हवा असेल तर ऑगस्टचा दुसरा पंधरवडा. जूनमध्ये गेलात तर बाबांना तुकड्या-तुकड्यानेच फुलं दिसतील. आणखी एक: घरी आल्यावर माझ्या पोटरीवर गोचीड सापडली. फुल पँट घाला आणि पायमोजे तिच्या वर ओढून घ्या. मुलाच्या गुडघ्यामागे, कानामागे रात्री नक्की बघा. इथल्या गोचिडींमुळे लाइम नावाचा आजार होतो, त्याकडे दुर्लक्ष करू नका.

माळावरचा

अबोलीताई, जानेवारीत तुम्ही ज्यांना झाडं कापताना पाहिलंत त्यांच्यात कदाचित मीही असेन. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, महिन्यातून दोन रविवार मी करवत घेऊन या बाजूच्या हीथवर जातो. यंदाचं अकरावं वर्ष. त्यामुळे तुमच्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर देणं माझ्याकडेच लागतं, जरा सविस्तर लिहितो.

मी उत्तर सोलापूर तालुक्यातला. नान्नजचं माळढोक अभयारण्य आमच्या गावापासून सायकलच्या अंतरावर. आजोबांच्या मेंढरांमागे फिरताना मी माळढोक पाहिलाय: गवतातून मान वर काढून, एकेक पाऊल मोजून टाकत चाललेला. त्या जमिनीला सगळे पडीक म्हणायचे, सातबाऱ्यावर पोटखराब. मग हिरवं करू या म्हणून माळावर गिरिपुष्प लावलं गेलं. हेतू कुणाचा वाईट नव्हता. पण झाडं वाढली तसा माळ आक्रसला, आणि ज्यांना चारी बाजूंनी लांबवर दिसल्याशिवाय जगता येत नाही ते पक्षी निघून गेले. इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात मी चॉबमला गेलो आणि वाळूत उभा राहिलो तेव्हा मला आमचा माळच आठवला. तेव्हापासून जातोय.

तर पहिली गोष्ट: कॉमन म्हणजे गायरान. हा शब्द बाबांना सांगितलात की अर्धं काम होईल. इथे मुळात जंगल होतं. तीन-चार हजार वर्षांपूर्वी, ब्राँझ युगातल्या माणसांनी ते तोडलं, गुरं चारली, थोडी शेती केली. जमीन वालुकामय. पाऊस वरचं सगळं सत्त्व धुऊन खाली नेतो. वाटेच्या कडेला जिथे माती खचलीय तिथे बघा: वर काळसर थर, मग राखेच्या रंगाची वाळू, आणि खाली गंजासारखा तांबूस कडक थर. वरून धुऊन गेलेलं लोह तिथे साचतं. बाबा ते बघून खाली बसतील, खात्री आहे माझी. अशा निःसत्त्व, आंबट जमिनीत टिकतात ती हेदरसारखी काटक झुडपं. मग गावकऱ्यांनी शेकडो वर्षं हा माळ वापरला. गुरं-मेंढरं चारली, सरपणासाठी गवताचे चौकोनी थर खणून नेले, हेदरने छपरं शाकारली, हेदर आणि बर्चच्या काटक्यांचे खराटे बांधून विकले, गॉर्सची काटेरी झुडपं भट्टीत जाळली, ब्रॅकनचा नेचा कापून गोठ्यात अंथरला. दर वर्षी माळावरून काही ना काही उचललं जायचं, म्हणून जमीन निकस राहिली आणि झाडांना पाय रोवता आले नाहीत. हा माळ माणसांनी आणि गुरांनी मिळून राखलाय.

वापर थांबला आणि सगळं बिघडलं. कुठे पाइनची लागवड झाली, कुठे घरं, कुठे शेती. १८०० सालापासून इंग्लंडमधलं सखल भागातलं हीथ ऐंशी टक्क्यांहून जास्त गेलं. उरलेलंही आपोआप टिकत नाही. बर्चचं बी धुळीसारखं हलकं, वाऱ्यावर कुठेही जातं. कापलं नाही तर पंधरा-वीस वर्षांत तिथे बन उभं राहतं, खाली पाचोळा कुजून जमीन कसदार होते, हेदरला ऊन मिळत नाही. बर्चचं बन काही वाईट नाही, मला आवडतं. पण ते या देशात पुष्कळ ठिकाणी आहे, हीथ मात्र मोजक्या ठिकाणी उरलंय. म्हणून आम्ही कापतो, तेही हिवाळ्यातच. मार्चनंतर पक्षी जमिनीवर घरटी करतात, तेव्हा करवती बंद.

हेदरलाही वय असतं. एक झुडूप तीस-चाळीस वर्षं जगतं. तरुणपणी दाट, म्हातारपणी मधून उघडं पडतं आणि फांद्या लोळू लागतात. त्या उघड्या जागेत वाळू तापते, मुंग्या येतात, सरडे ऊन खातात. सगळ्या वयाची झुडपं शेजारी-शेजारी हवीत. त्यासाठी दर हिवाळ्यात थोडा-थोडा तुकडा कापतात. मागच्या वर्षी एका आजींनी मला वाटेत थांबवून चांगलंच सुनावलं, की तुम्हाला काही वाटतं का. मी त्यांना दोन वर्षांपूर्वी कापलेल्या जागेवर घेऊन गेलो. बोटभर उंचीची हेदरची रोपं हजारोंनी उगवली होती. त्या वाकून बराच वेळ बघत राहिल्या.

आता जूनमध्ये काय बघायचं. केदार म्हणतात ते जांभळ्या रंगापुरतं बरोबर आहे. साधं हेदर, इथे लिंग म्हणतात ते, ऑगस्टमध्येच फुलतं. पण बेल हेदर जूनमध्ये सुरू होतं, गडद किरमिजी, छोट्या घंटांसारखं, कोरड्या चढावर. ओलसर जागी क्रॉस-लीव्हड हीथ: फिकट गुलाबी घंटा टोकाला एका झुबक्यात, आणि पानं चार-चारच्या फुलीत. बाबांना तीन जातींतला फरक भिंगाशिवाय कळेल.

गॉर्स हे काटेरी पिवळं झुडूप बहर ओसरला तरी बारा महिने कुठे ना कुठे फुललेलं सापडतं. गॉर्सचा बहर संपला की मुके घ्यायचा हंगामही संपला, अशी इथली जुनी म्हण आहे. फूल बघून बाबा लगेच म्हणतील, हे तर तागाचं भावंड. कूळ तेच, शेंगेचं. आईंना मात्र फुलाचा वास घ्यायला सांगा. उन्हात त्याला ओल्या खोबऱ्याचा वास येतो. माझी आई आली होती तेव्हा तिने डोळे मिटून म्हटलं होतं, कुणी नारळ खवतंय का इथे. उन्हाळ्यात शेंगा तडकतात, त्यांचा टक्-टक् आवाज शांतपणे उभं राहिलं तर ऐकू येतो.

आणि आता कासवाल्या बाबांसाठी खास. चॉबमवर ओल्या जागा आहेत, पण आईंच्या गुडघ्यांचा विचार करता थर्स्ली कॉमनला जा. वोकिंगहून गाडीने अर्धा तास. मोट तळ्याजवळ गाडी लावायची सोय आहे आणि पाणथळीवरून सपाट लाकडी फळ्यांची वाट जाते, चढ नाही. त्या वाटेवर बाबांना गुडघे टेकून बसू द्या. फळ्यांच्या कडेला, ओल्या शेवाळात दवबिंदू, म्हणजे ती किडे धरणारी वनस्पती, आहे. कासच्या सड्यावर दिसतो त्याच ड्रॉसेरा प्रजातीतला. इथे एक गोल पानांचा आणि एक लांबट चमच्यासारख्या पानांचा, दोन्ही शेजारी-शेजारी सापडतात. कारणही कासचंच आहे. तिथे जांभ्यावरची बोटभर माती, इथे आंबट पाणथळ. दोन्हीकडे नत्र जवळजवळ नाही, म्हणून झाड माशी धरून खातं. दोन्ही जागा किती लांब, एक वर्षातले चार महिने पावसात भिजणारी आणि दुसरी गारठ्यातली, आणि तरी मातीच्या गरिबीने दोन्हीकडे एकच युक्ती काढली. मला या गोष्टीचं दर वेळी नवल वाटतं.

तिथेच कापसाचे बोळे काठीला लावल्यासारखं दिसेल ते कॉटनग्रास. नावात गवत असलं तरी लव्हाळ्याच्या कुळातलं. आणि चतुर! थर्स्ली चतुर आणि टाचण्यांसाठी (चतुरांचे सडपातळ भाऊबंद) प्रसिद्ध आहे, वीसहून जास्त जाती. हॉबी नावाचा छोटा ससाणा आफ्रिकेतून येतो आणि हवेतल्या हवेत चतुर पकडून, उडता-उडताच पायात धरून खातो. मे महिन्यात एकाच वेळी बरेच दिसतात, जूनमध्येही एखादा दिसेल.

बाबांना झाडं वाळवून वहीत जपायची, हर्बेरियमची, सवय असेल तर: इथे जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कुठलंही रानटी झाड मुळासकट उपटणं १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि अशा राखीव जागी तर पानही तोडू नये. चित्र काढायला वही पुरे.

अबोली_व

माळावरचा, काय लिहू? काल रात्री बाबांना फोनवर सगळं वाचून दाखवलं. गायरान शब्दावर त्यांनी "अस्सं!" म्हटलं आणि थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग दवबिंदूच्या पानांची मापं विचारली. त्यांचा आणखी एक प्रश्न आहे: अशा झुडुपांवर अमरवेल असते का? आणि मुलाला उत्तर मिळालं. तो म्हणाला, "म्हणजे ते झाडं मारत नव्हते, जागा रिकामी करत होते."

आईला शेवटी सापाचं सांगावं लागलं. ती म्हणते, मी गाडीतच बसते.

सुनीती_डॉर्सेट

अबोली, तुझ्या आईंना गाडीत बसू देऊ नकोस. मी डॉर्सेटला राहते आणि गेली सहा वर्षं उन्हाळ्यात हीथवर सरपटणाऱ्या प्राण्यांची मोजणी करायला जाते. मीही कोल्हापूरची, घोणसीची भीती पोटात घेऊनच मोठी झाले. तेव्हा त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलते.

अख्ख्या ब्रिटनमध्ये विषारी साप एकच, ॲडर. घोणस आणि फुरशाच्या कुळातलाच, पण लहान, साधारण दोन फुटांचा. पाठीवर गडद नागमोडी पट्टा, डोळा तांबडा, बाहुली उभी. त्याच्या दंशाने इथे शेवटचा मृत्यू झाला तो १९७५ साली. दंश झालाच तर हलायचं नाही आणि लगेच ९९९ ला फोन करायचा, यात हयगय नको. पण पाय जोरात टाकत वाटेवरून चाललं की तो आपल्या आधीच निघून जातो. ॲडर दिसायचा हंगाम फेब्रुवारी-मार्च, तेव्हा नर थंडीतून उठून ऊन खात पडलेले असतात. जूनमध्ये बहुतेक झाडोऱ्यात. माद्या उन्हात येतात, कारण त्या अंडी घालत नाहीत, पोटातली पिल्लं उन्हाने वाढवतात. मी एकदा अशी गाभण मादी तासभर लांबून पाहिली. पुन्हा-पुन्हा अंग पसरून चपटं करायची, जास्त ऊन अंगावर यावं म्हणून. त्या दिवसानंतर माझी भीती बरीच कमी झाली.

ब्रिटनमध्ये सरपटणाऱ्या स्थानिक जाती सहाच आहेत: तीन साप, तीन सरडेवर्गीय. सहाही हीथवर सापडतात. स्मूथ स्नेक तर दक्षिणेकडच्या हीथपलीकडे फारसा कुठे उरलेलाच नाही. तो बिनविषारी, भक्ष्याला विळखा घालून धरतो. सँड लिझर्डचा नर वसंतात दोन्ही कुशींवर पोपटी हिरवा होतो. मादी उघड्या, उन्हाने तापलेल्या वाळूत खड्डा करून अंडी घालते. माळावरचा यांनी लिहिलेली उघडी जागा नेमकी तिलाच लागते. झाडं वाढून वाळूवर सावली पडली की अंडी उबत नाहीत. स्लो-वर्म सापासारखा दिसतो, पण तो बिनपायांचा सरडा आहे, पापण्या मिटतो.

एक विनंती. झुडुपांत कुठे-कुठे पत्रे किंवा डांबरी कागदाचे चौकोन टाकलेले दिसतील. ते आमच्यासारख्यांनी मोजणीसाठी ठेवलेले असतात, खाली हे प्राणी ऊब घेत असतात. मुलाला उचलून बघावंसं वाटेल, उचलू देऊ नकोस. सँड लिझर्ड आणि स्मूथ स्नेकला परवान्याशिवाय हात लावणं कायद्याने बंद आहे.

माळावरचा

सुनीतीताई, गाभण ॲडरचं वाचून बरं वाटलं, इथे मला ती अजून अशी निवांत दिसलेली नाही.

अबोलीताई, बाबांनी नेमका प्रश्न विचारला. अमरवेल आहे! आपल्याकडच्या अमरवेलीच्याच प्रजातीतली, पण बारीक. लालसर दोऱ्यांचा गुंता हेदरवर आणि गॉर्सवर पसरतो, जणू कुणी लोकरीचा गुंडा सोडून दिलाय. फुलं फिकट गुलाबी, पुंजक्यात. मात्र ती जुलैपासून नीट दिसते. जूनमध्ये सापडली तर बाबांचं नशीब.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात आणखी एक बघा, सिल्व्हर-स्टडेड ब्लू. नखाएवढं निळं फुलपाखरू, मागच्या पंखाखाली चांदीचे टिकले. त्याच्या अळ्यांना काळ्या मुंग्या सांभाळतात. अळी गोड रस देते, मुंग्या तिच्याभोवती पहारा ठेवतात. ही जात दूर उडत जात नाही. एका तुकड्यातली संपली तर शेजारच्या माळावरून येईलच असं नाही. म्हणून तुकडे जोडलेले राहणं महत्त्वाचं. चॉबमच्या मधोमध एम-थ्री मोटरवे गेलाय. एका बाजूला उभं राहून पलीकडचा माळ दिसतो, पण एवढ्या फुलपाखराला तो रस्ता म्हणजे समुद्रच. शिवाय गाड्यांच्या धुरातलं नत्र जमिनीत उतरतं, मग गवत माजतं आणि हेदर मागे पडतं. कुत्र्यांच्या विष्ठेनेही तेच होतं.

संध्याकाळबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण बाबांना एक रात्र चॉबमला न्याच. रातवा या रात्रीच्या पक्ष्यासाठी. आपल्याकडे रातवा आहे, तो चक-चक-चक करतो. इथला उन्हाळ्यापुरता आफ्रिकेतून येतो, मेमध्ये पोचतो. याचा आवाज म्हणजे एकसलग घरघर. मिनिटंच्या मिनिटं चालते, मध्येच पट्टी बदलते, पुन्हा चालू. लहानपणी रात्री लांबच्या विहिरीवर कुणाचं इंजिन चालू असायचं, ते वाऱ्याबरोबर जवळ-लांब व्हायचं, अगदी तसं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी वीस मिनिटं जागचा हललो नाही. त्या महिन्यात माझे वडील गेले होते, आणि तो आवाज मला थेट आमच्या अंगणातल्या बाजेवर घेऊन गेला. तेव्हापासून दर जूनमध्ये एक संध्याकाळ मी यासाठी राखून ठेवतो.

जूनच्या मध्याला सूर्य सव्वानऊनंतर मावळतो. नऊला पोचा. चहाचा थर्मास, आईंसाठी घडीची खुर्ची आणि शाल घ्या, वाळू फार लवकर गार होते. वारा नसलेली, ढगाळ पण कोरडी संध्याकाळ निवडा. स्टेपल हिलच्या पार्किंगपासून थोडंसं चाललात तरी पुरे, एखादा सुटा पाइन समोर दिसेल अशा जागी थांबा. साडेनऊनंतर कान द्या. नर उडताना पंख एकमेकांवर टाळीसारखे आपटतो आणि अंधारातही त्याच्या पंखांवरचे पांढरे ठिपके चमकतात. ते ठिपके भासवायला काही जण पांढरा रुमाल हलवून त्याला बोलावतात, कुणी मोबाइलवर आवाज वाजवतात. कृपया दोन्ही करू नका. तो घुसखोर आला समजून धावतो, आणि ज्या वेळी पतंग खायचे ती मोलाची वेळ वाया जाते. रातवा घरटंच बांधत नाही, दोन अंडी उघड्या जमिनीवर. मादी वाळक्या पाचोळ्यासारखी दिसते, पाऊल पडेपर्यंत कळत नाही. म्हणून वाट सोडायची नाही, हा एक नियम कडक पाळा.

दिवसा गेलात तर गॉर्सच्या शेंड्यावर दोन गारगोट्या एकमेकींवर आपटल्यासारखा आवाज करणारा गप्पीदास दिसेल. आपल्या माळावर हिवाळ्यात येतो त्याचाच चुलतभाऊ. त्याच्या आसपास नीट पाहा, लांब शेपटी वर उचललेला, वटवट्याच्या चणीचा, खाली काळसर तांबडा पक्षी क्षणभर वर येऊन आत बुडतो. डार्टफर्ड वॉर्बलर. हा हिवाळ्यात कुठे जात नाही, गॉर्समधले किडे-कोळी खाऊन दिवस काढतो, त्यामुळे बर्फ साचलं की उपाशी मरतो. १९६२-६३ च्या हिवाळ्यानंतर सगळ्या ब्रिटनमध्ये जेमतेम दहा-बारा जोड्या उरल्या होत्या. त्या दहा-बारा जोड्यांपासून आजची सगळी संख्या आहे. रातवा, वुडलार्क नावाचा चंडोल आणि हा, या तिघांसाठी २००५ साली सरे, हॅम्पशर आणि बर्कशरमधली हीथं एकत्र करून टेम्स बेसिन हीथ्स हे विशेष संरक्षण क्षेत्र झालं. त्याच्या हद्दीपासून ४०० मीटरच्या आत नवीन घर बांधू देत नाहीत. माणसांबरोबर मांजरं येतात, आणि जमिनीवरच्या घरट्याला मांजराइतका मोठा शत्रू नाही. आमच्या ऑफिसात घर शोधणारे लोक या नियमावर चिडतात, मला तो मनापासून पटतो.

शेवटचं, आगीचं. मे २०२० च्या अखेरीस थर्स्लीला आग लागली आणि सुमारे १५० हेक्टर जळालं. लाकडी वाटही जळाली, ती नंतर पुन्हा बांधली. घरट्यांचा हंगाम होता. मी काही आठवड्यांनी गेलो तेव्हा सगळं काळं होतं आणि त्या काळ्यात गवताची हिरवी सुई वर आली होती. हेदर परत येतं, दहा-पंधरा वर्षांत. पण सरपटणारे प्राणी पळू शकत नाहीत, आणि शेजारून यायला शेजार हवा ना. गॉर्समध्ये तेल असतं, भडकायला ठिणगी पुरते. तिथे शेगडी नको, उदबत्तीही नको.

अबोली_व

आज २७ जून. तुम्हाला सगळ्यांना कळवायचं राहून जाईल म्हणून आत्ताच लिहिते.

थर्स्लीला आम्ही दोनदा गेलो. पहिल्या दिवशी बाबा फळ्यांवर पालथे झोपले. खरंच, पोटावर, पासष्ट... नाही, एकाहत्तर वर्षांचे बाबा. दोन्ही दवबिंदू सापडले. गोल पानाच्या एका झाडावर टाचणी अडकलेली होती, अर्धं पान तिच्याभोवती वळलेलं. बाबा तिथे पन्नास मिनिटं होते. येणारे-जाणारे वळसा घालून जात होते, एक बाई थांबल्या, त्यांनी बाबांकडून भिंग मागून घेतलं आणि दोघं एकमेकांची भाषा नीट न कळता बराच वेळ बोलले. त्यांच्या वहीत आता डाव्या पानावर कासचा दवबिंदू आहे, जुना, पेन्सिलीतला, आणि उजव्या पानावर थर्स्लीचा.

आई गाडीत बसली नाही. गॉर्सचा वास घेतल्यावर म्हणाली, "खोबरं नाही, हे तर नारळाच्या वडीचं सारण." तिने दोन्ही वेळा पाय आपटत चालायचं मात्र सोडलं नाही.

रातव्याला तीन संध्याकाळी लागल्या. पहिल्या दिवशी वारा, दुसऱ्या दिवशी पाऊस. काल तिसऱ्या दिवशी नऊ बावन्नला सुरू झाला. मुलगा माझ्या मांडीवर होता, त्याने माझा हात घट्ट धरला. एकदा तो अगदी आमच्या डोक्यावरून गेला, पांढरे ठिपके दिसले, टाळी ऐकली. बाबांनी टोपी काढून हातात धरली होती. परत गाडीत बसल्यावर आईने विचारलं, "ते इंजिन कुणाचं होतं?" तिला मी आधी काहीच सांगितलं नव्हतं.

येताना वाटेवर तोडलेल्या बर्चचे बुंधे दिसले. मुलाने आजोबांना सगळं समजावून सांगितलं, बीपासून पाचोळ्यापर्यंत. बाबांनी मध्ये एकदाच थांबवून विचारलं, मग कापलेलं लाकूड तिथेच का नाही ठेवत? ते आम्हाला सांगता आलं नाही. माळावरचा, तेवढं लिहा. ते सतरा जुलैला निघताहेत, त्याआधी अमरवेल दिसली तर कुठल्या वाटेला दिसली तेही कळवा, आम्ही लगेच निघू.

माळावरचा

लाकूड कुजलं की त्यातलं सत्त्व जमिनीत उतरतं, आणि हेदरला तेच नको असतं. म्हणून बरंचसं उचलतो किंवा एका ठरलेल्या जागी जाळतो, म्हणजे राखही सगळीकडे पसरत नाही. काही ओंडके मुद्दाम कडेला ठेवतो, भुंगेऱ्यांसाठी आणि सरड्यांना बसायला.

अमरवेलीसाठी शनिवारी सकाळी जातोय. बाबांना सांगा, दक्षिणेकडे तोंड असलेल्या चढावरचं गॉर्स आधी बघणार आहे. सापडली तर तिथूनच फोटो टाकतो.